कंबरेला बांधलेलं पाणी

तिनं माझ्या हंड्यात बाटली बुडवली, तीही मला न विचारता.

मी नुकतीच चढण चढून शाळेच्या ओट्यापाशी आले होते. हंडा-कळशी खाली ठेवून डोक्यावरची चुंबळ सोडत होते, तेवढ्यात ही पोरगी पुढं आली, वाकली आणि बोटाएवढी काचेची बाटली हंड्यात बुडवून भरून घेतली. जीनची पँट, वर ढगळ शर्ट, केस आवळून बांधलेले. बाटलीच्या तळाशी तपकिरी पूड होती. तिनं झाकण लावलं, बाटली हलवली आणि तिच्यावर पेनानं काहीतरी लिहिलं.

"काय करतीस?" मी विचारलं.

"पाणी तपासायचंय, मावशी."

"कोणाला विचारून?"

"गुरुजींना सांगितलंय मी."

"हंडा गुरुजींचा नाय. माझा हाये."

"हात साबणानं धुतलेत मी," ती म्हणाली आणि दोन्ही पंजे पुढं करून दाखवले, जणू मी त्याचंच विचारत होते.

मी हंडा उचलला आणि तिच्या बुटांपाशी सगळा ओतून दिला. मग कळशी ओतली. चुंबळ परत डोक्यावर ठेवली आणि विहिरीची वाट धरली. मागून फापाळे गुरुजींनी हाक मारली, "चांगुणाबाई, अहो, पोरं तहानलीत." मी वळले नाही. विहिरीला जाऊन यायला पाऊण तास लागायचा. तेवढा वेळ एक्केचाळीस पोरं कोरड्या घशानं बसली. ती माझ्यामुळं बसली, हे मला खाली उतरताना कळत होतं, तरी मी पाय भराभर उचलला नाही.

ह्याला आता बारा वर्षं झाली. शिमगा होऊन गेला होता, शाळा सकाळची झाली होती. आमची हेदवाडी अकोले तालुक्यात, डोंगराच्या पार वरच्या अंगाला. पावसाळ्यात एवढं पाणी की भिंतींना शेवाळ धरतं, आणि माघ संपला की ओढ्याकाठच्या एका विहिरीवर सगळी वाडी. शाळा चौथीपर्यंतची. तिथं पाणी भरायचं काम अकरा वर्षं माझ्याकडं होतं. रोज सहा खेपा. पोरं मला पाणीवाली आई म्हणायची.

मग पुण्याच्या कुठल्याशा संस्थेनं शाळेला उन्हावर चालणारा पंप द्यायचं ठरवलं. वीज आमच्याकडं आली तर आली, म्हणून उन्हावरचा. कार्तिकात शाळेमागं बोअर मारली. होळीच्या आधी छपरावर निळ्या पाट्या बसल्या. आता बोअरमध्ये पंप सोडायचा होता, टाकी जोडायची होती, आणि एक पेटी बसवायची होती. त्या पेटीतल्या दिव्याखालून पाणी गेलं की त्यातले जंतू मरतात म्हणे. त्यासाठी ही ऋतुजा कडलग आली होती. संगमनेरकडची, इंजिनिअर, वय चोवीस. बरोबर दोन मिस्त्री.

पंप सुरू झाला की माझं काम जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून मी चिडले असं सगळ्यांना वाटलं. मी ते तसंच वाटू दिलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गुरुजींनी पालकांना ओसरीत बोलावलं. पंधरा-वीस बाया, सात-आठ पुरुष. मी मागं खांबाला टेकून उभी राहिले. कडलगबाईनं पंप कसा चालणार, पाट्या कशा पुसायच्या ते सांगितलं. मग पिशवीतून बाटली काढून वर धरली.

आतलं पाणी काळं झालं होतं. तव्याच्या बुडासारखं काळं.

"हे काल तुमच्या मुलांना प्यायला आलेलं पाणी आहे," ती म्हणाली. "ज्या पाण्यात माणसाची किंवा जनावराची घाण असते, ते या बाटलीत काळं होतं. चांगलं पाणी असतं तर रंग बदलला नसता."

मग एकेक बाई मान वळवून माझ्याकडं बघायला लागली. ज्यांच्याबरोबर मी विहिरीवर रोज उभी राहायचे, त्या बाया. कुशाबा भांगऱ्याची बायको तर पदर तोंडाशी धरून बघत होती.

"मंग आम्ही घरी पितो ते?" कोणीतरी विचारलं.

"तेच पाणी आहे. त्याच विहिरीचं."

"बाटलीत पूड व्हती," मी मागून म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "मी बघितली. पूड टाकल्यावर पाणी काळं व्हायचंच. चहाची टाकली तरी व्हतंय."

दोघं-तिघं हसले. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"पूड तपकिरी होती, आणि काल भरल्यावर पाणी काळं झालं नव्हतं," ती म्हणाली. "ते एका दिवसानं झालंय. जंतू वाढल्यावर."

"तुझ्या पिशवीत झालंय. आम्ही कुठं बघितलं?"

मग लक्ष्मण बांबळे उठला. हा माझा चुलतदीर, सोसायटीत असायचा, बोलायला पक्का. "मागं बी असंच आले व्हते," तो म्हणाला. "उन्हावरचे दिवे लावून फोटो काढून गेले. सहा महिन्यांत दिवे बंद. फोन लावला तर उचलत नव्हते. आता बाटल्या घिऊन आलेत, आमची इहीर वाईट म्हणायला. आमच्या बापजाद्यांनी ह्याच इहिरीचं पाणी प्यालंय."

आता माना तिच्याकडं वळल्या, आणि त्या नजरा काही चांगल्या नव्हत्या. मी खांब सोडून सरळ उभी राहिले.

ती मागं हटली नाही. "बापजाद्यांचं राहू द्या," ती म्हणाली. "गेल्या दोन-तीन वर्षांचं सांगा. या वाडीत जुलाब-उलट्यांनी किती मुलं आजारी पडली? कोणी मोजलंय? त्यातलं एखादं—"

"कडलग मॅडम," गुरुजी म्हणाले. "पुरे."

"गुरुजी, मी फक्त विचारतेय की—"

"पुरे म्हणालो ना."

फापाळे गुरुजींचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता. ते खाली फरशीकडं बघत होते. ओसरीतली सगळीच खाली बघत होती. तिला थांबवलं ते का, हे तिला कळलं नाही. मला कळलं. मी पायऱ्या उतरून घरी आले.

घरी आम्ही दोघीच होतो, मी आणि माझी सासू; तिला मी आत्या म्हणायचे. नवरा नारायणगावकडं टोमॅटोच्या तोडणीला गेला होता. आत्यांनी ताटात भाकरी वाढली, वरणाची वाटी सरकवली. "कालवण अजून हाये," त्या म्हणाल्या. मी काही न बोलता जेवले आणि ताट धुऊन ठेवलं. आमच्या घरात हे नवं नव्हतं. दोन वर्षं मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. त्या बोलायच्या, चार शब्दांपुरतं, भिंतीशी बोलावं तसं. नवऱ्यानं सुरुवातीला समजावून बघितलं, मग सोडून दिलं.

तिसऱ्या दिवशी मिस्त्री बोअरमध्ये पंप सोडणार होते. मी सकाळी पहिल्याच खेपेला शाळेमागं गेले. बोअरचा पाईप जमिनीवर हातभर आलेला होता, तोंडावर लोखंडी झाकण. मी चुंबळ त्या झाकणावर ठेवली आणि वर बसले.

मिस्त्री आले, बघितलं, परत गेले. मग ती आली.

"मावशी, उठा."

"नाय."

"काम थांबलंय आमचं."

"थांबू दे."

"गुरुजी तुम्हाला खिचडीच्या कामावर घेणार आहेत. त्यांनी मला सांगितलंय. तुमचं नुकसान होणार नाही."

"तुला कोण म्हणालं मी त्यासाठी बसले?"

"मग कशासाठी?"

एव्हाना वाडीतल्या चार बाया माझ्या शेजारी येऊन बसल्या होत्या. गुरुजी येऊन गेले, त्यांनी हात जोडले. मी तोंड फिरवलं. ती तिथंच, माझ्यासमोर, खडीवर मांडी घालून बसली. डोक्यावर काही घेतलं नाही. ऊन चढत गेलं. स्वयंपाकाची वेळ झाली तशा बाया एकेक करून उठून गेल्या. मिस्त्री शाळेच्या सावलीत जाऊन पडले. उरलो आम्ही दोघी.

"तुम्हाला वाटतं मी खोटं बोलतेय," ती म्हणाली.

"मला वाटतं तू शहाणी हायेस. शहाण्यांना खोटं बोलायला शिकवावं लागत नाय."

"मी कशाला खोटं बोलू? मला काय मिळणार?"

"फोटो."

तिनं ओठ घट्ट मिटले. मला बरं वाटलं. मग ती उठली, वर्गात गेली आणि येताना दोन बाटल्या घेऊन आली. तशाच, बोटाएवढ्या. त्या तिनं माझ्या मांडीवर ठेवल्या.

"तुम्हीच भरा," ती म्हणाली. "मी हात लावत नाही. एकीत विहिरीचं पाणी, जसं आणता तसं. दुसरीत तेच पाणी, पण चुलीवर चांगलं खळखळ उकळून, झाकून गार केलेलं. पुडीमुळं काळं होत असेल तर दोन्ही काळ्या होतील. मग मी उद्या माझं सामान उचलते. गावासमोर सांगते की चुकले, आणि जाते."

"आणि एकच झाली तर?"

"तर तुम्ही इथून उठायचं."

"ठेवायच्या कुठं?"

"उबेत. अंगाजवळ ठेवल्या तरी चालतील. फक्त झाकण उघडायचं नाही, आणि हात धुऊन भरायच्या."

"माझे हात घाण हायेत?"

"सगळ्यांचे असतात, मावशी. माझेही."

मी विहिरीवर गेले. एका बाटलीत तसंच पाणी भरलं आणि चुंबळीचा लाल धागा तोडून तिच्या गळ्याला बांधला. कळशीभर पाणी घरी नेलं, चूल पेटवली. आत्या दारात बसून बघत होत्या. भर दुपारी कालवण नाही, चहा नाही, नुसतं पाणी उकळतेय, पण त्यांनी विचारलं नाही. पाणी उसळ्या मारायला लागल्यावरही मी मुद्दाम दोन लाकडं सारली. गार झाल्यावर दुसरी बाटली भरली. मग जुन्या लुगड्याची पट्टी फाडली, दोन्ही बाटल्या तिच्यात गुंडाळल्या आणि पोटाशी बांधून वर साडी सारखी केली.

दोन्ही काळ्या होणार, ह्याची मला खात्री होती. म्हणजे, मी तसं म्हणत राहिले. म्हणत म्हणत परत शाळेत जाऊन त्या झाकणावर बसले. संध्याकाळी घरी आले, भाकऱ्या थापल्या, झोपले, ते सगळं त्या बाटल्यांसकट. कुशीवर वळलं की त्या बरगडीला टोचायच्या.

चौथ्या दिवशी सकाळी हंडा घेऊन विहिरीवर गेले. अजून कोणी आलं नव्हतं. पायरीवर बसले आणि पट्टी सोडली.

लाल धाग्याची बाटली काळी झाली होती. दुसरी होती तशी होती, कोऱ्या चहासारखी. मी दोन्ही उन्हात धरल्या, हलवून बघितल्या. लाल धागा सुटून दुसरीला लागला असेल, असंही वाटून गेलं. पण गाठ माझ्या हातची होती आणि पक्की होती.

समोर पाणी होतं. स्वच्छ दिसत होतं, तळाचा दगड दिसेल इतकं. वरच्या अंगाला ओढ्याची घळ, त्या घळीत गुरं बसतात, माणसं बसतात, आणि आषाढात ते सगळं धुऊन कुठं येतं ते आंधळ्यालाही कळलं असतं. मी तिथं अकरा वर्षं हंडा बुडवत होते.

त्या दिवशी मी हंडा भरला नाही. रिकामाच घेऊन वर आले.

पोरं वर्गात पाढे म्हणत होती. ती बोअरपाशी एकटीच उभी होती, पंपाच्या केबलला टेप गुंडाळत. मला बघून तिनं हात पुसले. मी दोन्ही बाटल्या तिच्यासमोर झाकणावर ठेवल्या. मला वाटलं ती हसेल, किंवा बघा म्हणेल. तिनं त्या नुसत्या बघितल्या.

"अळंब्या खाल्ल्या तर माणसाला काय व्हतं?" मी विचारलं.

"कसल्या अळंब्या?"

"रानातल्या. पावसात उगवतात त्या. आम्ही खातो. काही विषारी असतात."

"मला नीट माहीत नाही. पोटात दुखतं, उलट्या होतात... का?"

"माझी मंजुळा गेली. दोन वर्षं झाली, आषाढात. तिसरीत व्हती."

तिच्या हातातला टेप खाली पडला, तो तिनं उचलला नाही.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. आजारी पडायच्या आदल्या दिवशी मंजुळा आजीबरोबर रानात गेली होती. दोघींनी अळंब्या आणल्या, आजीनं परतून दिल्या, मंजुळानं आवडीनं खाल्ल्या. मी शेतावर होते. दुसऱ्या दिवशी पोर शाळेतनं आली ती पोट धरून. मग जुलाब, उलट्या. पाण्यासारखे. रात्र सरून सकाळ होईपर्यंत डोळे आत गेले. पावसानं रस्ता खचला होता, जीप मिळेपर्यंत दुपार झाली. घाट उतरताना माझ्या मांडीवर गेली. मी तिला सारखं पाणी पाजत होते.

"कुठलं पाणी?" तिनं विचारलं. मग लगेच म्हणाली, "नको, राहू द्या."

"हेच," मी म्हणाले.

पाढे सतरापर्यंत आले होते.

"तेव्हा आणखी कोणी आजारी पडलं होतं?" तिनं हळू आवाजात विचारलं.

"कुशाबाचा पोरगा. त्याच दिवशी. तो वाचला."

"त्यानं अळंब्या खाल्ल्या होत्या?"

"नाय."

"तुमच्या सासूबाईंनी?"

दोन वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी स्वतःला विचारला नव्हता.

"गुरुजी मला जंतू मारायच्या पावडरचा डबा द्यायचे," मी म्हणाले. "पाण्यात टाकायला. पोरं नाक मुरडायची, वास येतो म्हणायची. मंजी सगळ्यात जास्ती. म्हणून मी टाकायची बंद केली. गुरुजींना सांगितलं टाकते म्हणून."

ती एक पाऊल पुढं आली. तिनं माझ्या दंडाला हात लावायला उचलला आणि तसाच थांबवला.

"मावशी, असं पक्कं सांगता येत नाही. दोन वर्षांपूर्वीचं पाणी आज कसं तपासणार? अळंबीचंही असू शकतं. दुसरं काही असू शकतं. तुम्ही असं धरून..."

"खोटं बोलू नको," मी म्हणाले. "आल्यापासनं एवढी एकच गोष्ट तू केली नव्हतीस."

तिचे डोळे भरले होते, ते बघून मला तिचा आणखी राग आला. रडायचं तर मी होते.

"परवा मला आधी एकटीला दाखवायची व्हतीस ती बाटली," मी म्हणाले. "चारचौघांत धरायची नव्हती."

"हो. दाखवायला हवी होती."

"मी ते इसरणार नाय."

"नका विसरू," ती म्हणाली.

मी झाकणावरून बाटल्या उचलल्या आणि बाजूला झाले. "सोड पंप," मी म्हणाले.

दुपारी शाळा सुटल्यावर मी पोरांना थांबवून घेतलं आणि घरी पाठवलं ते आया-बापांना बोलवायला. आले सगळे. लक्ष्मण हात मागं बांधून पुढं उभा राहिला, त्याला वाटलं आता मी त्या पोरीला हाकलणार. मी दोन्ही बाटल्या ओट्यावर ठेवल्या. कुठली कशी भरली आणि कुठं ठेवली, ते सांगितलं.

"पाणी खराब हाये," मी म्हणाले. "मी आणलेलं हाये, मीच सांगते. पंप चालू होईस्तोवर उकळल्याबिगर पोराला द्यायचं नाय. मीबी देणार नाय."

लक्ष्मणनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. "वहिनी, तुम्हाला तिनं काय पढवलंय—"

"बाटल्या माझ्या पोटाला व्हत्या रातभर," मी म्हणाले. "तुझ्या नाय."

कुशाबाची बायको मागून पुढं आली. तिनं बाटली हातात घेतली, बघितली, मग माझ्याकडं बघितलं. तिला सगळं समजलं होतं, मंजुळाचं, स्वतःच्या पोराचं. ती मला मारेल असं वाटलं आणि मी हलले नाही. तिनं बाटली जागेवर ठेवली आणि पोराला बखोटीला धरून घरी घेऊन गेली. त्यानंतर सहा महिने ती विहिरीवर माझ्या शेजारी उभी राहिली नाही. मी तिला कधी दोष दिला नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत पंप उतरला. पाट्यांवर ऊन होतं तेवढ्यात मिस्त्र्यांनी खटका दाबला, आणि पहिलं गढूळ पाणी पाईपमधून बाहेर पडलं. मग दोन दिवस ते तसंच वाहू दिलं, बाटलीत तपासलं, पेटीतला दिवा जोडला आणि मगच पोरांना प्यायला दिलं. आजही तो पंप चालतो. मोटार एकदा बदलली, दिवा दरसाल बदलतात. लक्ष्मण म्हणाला होता तसं फोन न उचलण्याचं झालं नाही. कडलगबाई दर उन्हाळ्यात येते, पाट्या मी पुसते का ते बघते, बाटली भरते. भरण्याआधी मला विचारते. मी हो म्हणते. चहा विचारत नाही. आमचं तेवढंच आहे, आणि दोघींना तेवढं पुरतं. तिला मी माफ केलंय का, हे मला एकदा गुरुजींनी विचारलं होतं. मी त्यांना विषय बदलायला लावला.

पण त्या दिवशी पाणी बघायला मी थांबले नव्हते. खटका दाबल्याचा आवाज माझ्या पाठीमागून आला आणि पोरांचा गलका झाला, तोवर मी वाडीच्या वाटेला लागले होते.

आत्या अंगणात बसून सुपात तांदूळ घोळत होत्या. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. त्यांनी सूप थोडं आपल्याकडं ओढलं, मला जागा करून दिल्यासारखं.

"आत्या," मी म्हणाले.

सूप थांबलं. दोन वर्षांत ही हाक त्यांनी ऐकली नव्हती.

"मंजी अळंब्यांनी गेली नाय."

त्यांनी वर बघितलं नाही. तांदळावर हात पसरून तशाच बसून राहिल्या. कोपऱ्यातली कोंबडी सुपाशी आली, तिलाही हाकललं नाही.

"अळंब्या मीबी खाल्ल्या व्हत्या," त्या म्हणाल्या. "तिच्यापरीस जास्ती."

"तुम्हाला काय झालं नव्हतं?"

"काय नाय."

"म्हंजी तुम्हाला ठाऊक व्हतं."

"ठाऊक कुठलं. वाटायचं. शाळेतनं आली तवा म्हणाली, आजी, पाणी पिलं आन् पोट दुखाया लागलं."

"मंग मला का नाय सांगितलं? मी घरभर, गावभर सांगत फिरले, म्हातारीनं पोर मारली म्हणून. तुमच्या तोंडावर बोलले. तुम्ही एकदाबी म्हणाला नाय की मीबी खाल्ल्या."

आत्यांनी चिमटीत एक खडा धरला, तो अंगणात टाकला.

"काय सांगू?" त्या म्हणाल्या. "पाणी तू आणीत व्हतीस."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता, ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"पोर तुझी व्हती," त्या म्हणाल्या. "वर आनखी हे तुझ्या डोक्यावर कशाला. माझं काय, माझे दिवस झाले."

कोंबडी सुपात चोच मारायला लागली. आत्यांनी तिला हातानं बाजूला केलं आणि सूप माझ्याकडं सरकवलं.

"निवड," त्या म्हणाल्या. "मला आता बारीक दिसत नाय."